गाण्यातला ‘मी’ : स्टीफिन मेरिटची प्रेमगीते आणि मराठी क्रियापद

७ सप्टेंबर १९९९ रोजी अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातील ‘मर्ज रेकॉर्ड्‌स’ या छोट्या कंपनीने तीन सीडींचा एक संच बाजारात आणला. त्याचे नाव ‘६९ लव्ह साँग्ज’. नावाप्रमाणे आत ६९ प्रेमगीते होती. प्रत्येक सीडीवर २३, सगळी सलग ऐकायची तर जवळजवळ तीन तास. शब्द आणि चाली एकाच माणसाच्या, स्टीफिन मेरिटच्या. गायन-वादनाच्या गटाचे नाव ‘द मॅग्नेटिक फील्ड्‌स’. मेरिट समलिंगी आहे आणि ही गोष्ट त्याने कधी लपवलेली नाही. मॅनहॅटनमधल्या समलिंगी पुरुषांच्या एका पियानो-बारमध्ये बसून स्टीफन सॉन्डहाइमची गाणी ऐकत असताना या संचाची कल्पना आपल्याला सुचली, असे त्यानेच सांगून ठेवले आहे. अमेरिकन संगीतकार चार्ल्स आइव्ह्‌ज याचा ‘११४ साँग्ज’ हा संग्रह त्याच्या डोक्यात होता. आधी शंभर गाण्यांचा बेत होता, मग तो ६९वर आला. या आकड्यातला चावटपणाही अर्थातच हेतुपूर्वक आहे.

मी स्वतः समलिंगी आहे, मराठीत गाणी लिहितो आणि गिटारवर गातो. म्हणून या संचाकडे मी केवळ श्रोता म्हणून पाहू शकत नाही. सुताराने दुसऱ्याच्या कपाटाचे सांधे चाचपून पाहावेत तसे मी ते गेली अनेक वर्षे पाहत आलो आहे. या लेखातला प्रश्न त्यातूनच आला : प्रेमगीतात जो ‘मी’ बोलतो तो कोणाचा? आणि समलिंगी गीतकाराने आपली ओळख त्या ‘मी’मध्ये ठेवायची, की आणखी कुठे?

रोजनिशीचा आग्रह

‘इंडी’ हे ‘इंडिपेंडंट’चे लघुरूप. मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांच्या बाहेर, कमी पैशात, बहुधा मित्रमंडळींच्या बळावर निघालेले संगीत असा त्याचा मूळ अर्थ. ब्रिटनमध्ये १९८६ साली ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ या साप्ताहिकाने ‘सी८६’ नावाची कॅसेट काढली आणि इंडी पॉपला एक चेहरा मिळाला. १९८७ ते १९९५ या काळात ब्रिस्टलच्या ‘सारा रेकॉर्ड्‌स’ने तो चेहरा जपला. साध्या चाली, घरच्या घरी केल्यासारखे ध्वनिमुद्रण, न कमावलेला आवाज, थोडी भिडस्त वृत्ती ही त्याची लक्षणे.

या लक्षणांबरोबर एक श्रद्धाही आली. आवाज कच्चा आहे म्हणजे तो खरा आहे. गाणारा आपल्या रोजनिशीचे पान उघडून दाखवतो आहे. चकचकीत व्यावसायिक संगीताला कंटाळलेल्या श्रोत्यांना ही श्रद्धा हवीशी वाटली यात नवल नाही. तिने अनेक चांगली गाणीही दिली. पण समलिंगी गीतकाराच्या बाबतीत तिचा पटकन आग्रह होतो. तुझी रोजनिशी आम्हाला दाखव, नाहीतर तू काहीतरी लपवतो आहेस, असे तिचे म्हणणे असते.

मेरिट राहतो इंडी पॉपच्याच वस्तीत. त्याची कंपनी छोटी, ध्वनिमुद्रण घरगुती वळणाचे. वाद्ये युकुलेली, बँजो, अकॉर्डियन, स्वस्त सिंथेसायझर. रोजनिशीची श्रद्धा मात्र त्याला मान्य नाही. हा संच प्रेमाविषयी नसून प्रेमगीतांविषयी आहे, असे तो म्हणत आला आहे. हे विधान कोरडे वाटते. पण गाणी ऐकताना लक्षात येते की यात एक पूर्ण काव्यशास्त्र आहे.

आवाज दुसऱ्याचा

१९९१ आणि १९९२ मध्ये आलेल्या ‘डिस्टंट प्लास्टिक ट्रीज’ आणि ‘द वेवर्ड बस’ या पहिल्या दोन संचांमध्ये मेरिट गायलाच नाही. शब्द आणि चाली त्याच्या, आवाज सुझन ॲनवे या गायिकेचा. म्हणजे सुरुवातीपासूनच या समलिंगी पुरुषाचा ‘मी’ एका स्त्रीच्या गळ्यातून आला. १९९५मध्ये ‘द सिक्स्थ्स’ या नावाने त्याने ‘वास्प्स नेस्ट्स’ हा संच केला. त्यात बहुतेक प्रत्येक गाणे वेगळ्या इंडी गायक-गायिकेला वाटून दिले. ‘६९ लव्ह साँग्ज’मध्ये त्याच्याखेरीज क्लॉडिया गॉन्सन, शर्ली सिम्स, एल. डी. बेग्टॉल आणि डडली क्लूट असे चौघे गातात. दोन स्त्रिया, दोन पुरुष. मेरिटचा स्वतःचा आवाज खोल, खर्जातला आणि भावनेचा चढउतार न दाखवणारा. त्या आवाजात तो अत्यंत आर्त ओळीही बाजारातल्या यादीसारख्या वाचून दाखवतो, आणि त्या अधिकच लागतात.

या वाटपामुळे काय होते ते काही गाण्यांतून पाहू. ‘व्हेन माय बॉय वॉक्स डाउन द स्ट्रीट’मध्ये पुरुषाच्या आवाजात आपल्या पोराच्या रस्त्यावरून चालण्याचे कौतुक आहे, आणि हाच पोरगा आपली बायको होणार असल्याची आनंदी घोषणा आहे. निषेध नाही, खुलासा नाही. साठच्या दशकातल्या पॉप गाण्याचा उत्साह तेवढा आहे. ‘ॲकूस्टिक गिटार’मध्ये क्लॉडिया गॉन्सनचा आवाज गिटारला विनवतो की माझी मुलगी मला परत आणून दे. ‘कम बॅक फ्रॉम सॅन फ्रान्सिस्को’मध्ये शर्ली सिम्स दूर गेलेल्या प्रियकराला बोलावते, तिथली देखणी पोरे त्याला गाठतील ही तिची भीती आहे.

सर्वांत गुंतागुंतीचे ‘पापा वॉज अ रोडिओ’. मेरिट माइक नावाच्या कुणाला तरी सांगतो की आपण फिरत्या घरातले, आपण कुठे टिकत नाही. एका रात्रीची ओळख आहे, तिच्यातून काही अपेक्षा ठेवू नकोस. शेवटच्या कडव्यात पंचावन्न वर्षे उलटून गेलेली असतात, दोघे अजून एकत्र असतात, आणि तिथे शर्ली सिम्सचा आवाज येऊन मिळतो. मग माइक स्त्री होती की काय? की हा पुरुष माइकच आहे, आणि नाटकातल्यासारखी त्याची भूमिका एका बाईने घेतली आहे? गाणे उत्तर देत नाही. आपण इतका वेळ दोन पुरुषांची गोष्ट ऐकत होतो की नव्हतो, हे तपासायला श्रोत्याला मागे जावे लागते, आणि मागे जाऊन पाहिले तर गोष्टीत काहीच बदललेले नसते. प्रेम तेवढेच टिकलेले असते.

संचात सगळेच या तोलाचे नाही. जॅझ, पंक, प्रायोगिक संगीत यांची थट्टा करणारी काही गाणी एकदा हसवून संपतात. पण त्यांच्यामागचा विचार तोच आहे : संगीतप्रकार हाही एक वेश आहे. लोकगीताचा वेश घेऊन जसे गाता येते, तसाच नवऱ्याचा, विधवेचा, सोडून दिलेल्या पोराचा वेश घेऊन. ‘द डेथ ऑफ फर्डिनांड द सोस्यूर’ या गाण्यात तर निवेदक आधुनिक भाषाविज्ञानाच्या जनकाला गोळी घालतो, कारण प्रेम कळण्याजोगे नाही असे तो म्हणतो. खून होतो तो हॉलंड-डोझिअर-हॉलंड या डेट्रॉइटच्या त्रिकुटाच्या नावाने, ज्यांनी मोटाउन कंपनीसाठी साठच्या दशकात एकामागून एक प्रेमगीते रचली. विनोदाखाली मेरिटची बाजू स्पष्ट दिसते. प्रेमाविषयी जे काही कळते ते गाणी जुळवणाऱ्यांच्या कारागिरीतून कळते, असे त्याला वाटते.

लपणे आणि वेश घेणे

यावर आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. वेश म्हणजे शेवटी आडपडदाच ना? कोल पोर्टर समलिंगी होता. १९१९मध्ये त्याने लिंडा ली थॉमसशी लग्न केले आणि आयुष्यभर अशी गाणी लिहिली ज्यांतले ‘आय’ आणि ‘यू’ कोणीही असू शकतात. इंग्रजीची सोय त्याच्या कामी आली : प्रथम आणि द्वितीय पुरुषात इंग्रजी लिंग सांगत नाही. ‘ही’ किंवा ‘शी’ म्हणेपर्यंत गीतकार सुरक्षित असतो. दुसऱ्या टोकाला ब्रॉन्स्की बीट. १९८४च्या त्यांच्या ‘द एज ऑफ कन्सेन्ट’ या संचात निरनिराळ्या युरोपीय देशांतली समलिंगी संबंधांसाठीची संमतिवये छापलेली होती. ब्रिटनमध्ये पुरुषांसाठी ते तेव्हा २१ होते. कायदा अंगावर असताना वेशाची ऐट परवडत नाही. तिथे सरळ बोलावे लागते. ते गाणे पुरावाही असते आणि अर्जही.

मेरिट या दोघांच्या मध्ये उभा आहे असे म्हणणे सोपे आहे, पण ते पुरेसे नाही. पोर्टरच्या ‘यू’मागे बंद दार होते. मेरिटच्या गाण्यांत सर्वनामे उघड आहेत, नावे आहेत, ‘माय बॉय’ आहे. गाण्याबाहेर त्याची ओळख सर्वांना ठाऊक असल्यामुळे गाण्याच्या डोक्यावर ती सिद्ध करण्याचे ओझे नाही. चेहरा माहीत असलेल्या माणसाने मुखवटा घातला की तो खेळ होतो. चेहरा दाखवण्याची बंदी असलेल्याचा मुखवटा हा आसरा असतो. दोन्ही मुखवटे लांबून सारखेच दिसतात, म्हणून टीकाकारांची गल्लत होते.

या खेळाचे फळ ‘द बुक ऑफ लव्ह’ या गाण्यात दिसते. प्रेमाचे पुस्तक लांब, कंटाळवाणे, आकडे आणि तक्ते यांनी भरलेले, अशी तक्रार करत ते सुरू होते आणि लग्नाच्या अंगठ्या मागून संपते. गाणाऱ्याचे आणि ऐकणाऱ्याचे लिंग त्यात कुठेच नाही. १९९९मध्ये जगातल्या कोणत्याही देशात दोन पुरुषांना कायद्याने लग्न करता येत नव्हते. नेदरलँड्‌सने तो कायदा २००१मध्ये लागू केला, मॅसॅच्युसेट्सने २००४मध्ये, संपूर्ण अमेरिकेने २०१५मध्ये. २००४मध्येच पीटर गेब्रिएलने हे गाणे ‘शॅल वी डान्स’ या चित्रपटासाठी गायले आणि ते लग्नांत वाजू लागले. ज्याला अंगठ्या मागण्याचा हक्क नव्हता अशा माणसाने लिहिलेली मागणी हजारो स्त्री-पुरुष जोडपी आपली म्हणून वाजवतात. कुणी याला समलिंगी ओळख पुसली गेली असे म्हणेल. मला मात्र वाटते, सार्वजनिक पाणवठ्यावर त्याने आपला हंडा निमूट भरून घेतला, आणि आता त्या पाण्यावर कोणाचे नाव आहे हे कुणाला सांगता येत नाही.

क्रियापद काय सांगते

हे सगळे मराठीत करायला बसलो की पहिल्याच ओळीला अडखळतो. आपल्याकडे सर्वनाम गप्प असले तरी क्रियापद बोलते. ‘मी येतो’, ‘मी येते’. ‘तू आलास’, ‘तू आलीस’. इंग्रजीत जे ‘आय’ आणि ‘यू’च्या आड राहते ते मराठीत वाक्याच्या शेपटाला उघडे पडते. ‘तू मला आवडतोस’ या साध्या वाक्यात तर गंमत अशी, की क्रियापद माझ्याविषयी काहीच सांगत नाही, ज्याच्यावर प्रेम आहे त्याच्याविषयी सांगते. माझे लिंग आवाज सांगतो, त्याचे व्याकरण सांगते, आणि दोन्ही मिळून सगळे काही सांगून टाकतात.

गाणी लिहिता लिहिता मी या व्याकरणाच्या फटी शोधत गेलो, आणि त्या पुष्कळ आहेत. भविष्यकाळात लिंग नसते : ‘मी वाट पाहीन’, ‘तू येशील’. आज्ञार्थात नसते : ‘ये’, ‘थांब’, ‘जाऊ नकोस’. ‘तुझी आठवण येते’ यात फक्त आठवण स्त्रीलिंगी आहे. भूतकाळात सकर्मक क्रियापद कर्त्याकडे पाहतच नाही : ‘मी तुला पाहिलं’, ‘मी तुला सोडलं’ हे कोणीही कोणालाही म्हणू शकते. पण ‘मी तुला भेटलो’, ‘मी तुला विसरलो’ म्हटले की कर्ता उघड झाला. म्हणजे मराठीत पाहणे आणि सोडणे लपवता येते, भेटणे आणि विसरणे लपवता येत नाही. आणखी एक फट आदराची आहे. ‘तू आलास’ की ‘आलीस’ हे सांगावे लागते. ‘तुम्ही आलात’मध्ये दोघेही मावतात. अंतर राखले तर भाषा पांघरूण देते, जवळीक साधली की काढून घेते. प्रेमगीत तर ‘तू’शिवाय चालत नाही.

हे नियम सगळ्या महाराष्ट्रात सारखे आहेत असेही नाही. कोल्हापूरकडे बायका-मुली सहज ‘मी येतो’, ‘मी जातो’ म्हणतात आणि त्यात कुणाला काही वावगे वाटत नाही. व्याकरण जितके कडक छापले जाते तितके ते जिभेवर नसते.

माझे एक गाणे ध्वनिमुद्रित होत असताना समोरच्या जाणत्या माणसाने सुचवले होते, ‘आवडतोस’चे ‘आवडतेस’ करा. मात्रा तेवढ्याच आहेत, चाल बिघडत नाही. छंदशास्त्राच्या दृष्टीने त्याचे म्हणणे बिनचूक होते. मी शब्द बदलला नाही. त्याच गाण्याविषयी दुसऱ्या एका हितचिंतकाचे म्हणणे उलट होते : नुसते ‘आवडतोस’ म्हणून काय होणार, तुमच्या वेदनेबद्दल, कलम ३७७बद्दल स्पष्ट लिहा. पहिल्याला माझी ओळख गाण्यातून काढायची होती, दुसऱ्याला गाण्यात दुसरे काही राहू द्यायचे नव्हते. दोघांचे एका गोष्टीवर एकमत होते : गाण्यातला ‘मी’ म्हणजे माझा पत्ता. मेरिटने मला या एकमतातून सोडवले.

आपल्या घरचे वेश

खरे तर मराठी माणसाला हा धडा अमेरिकेतून आणण्याची गरज पडू नये. ज्ञानेश्वरांच्या नावावरच्या विराण्यांत ‘मी’ स्त्री आहे. एकनाथांच्या गौळणींत बोलते ती गौळण. रामजोशी, होनाजी बाळा या शाहिरांच्या लावण्यांत पुरुषाने लिहिलेली स्त्री आपले मनोगत सांगते. १९१९मध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘एकच प्याला’त गडकऱ्यांच्या सिंधूसाठी पदे रचली विठ्ठल सीताराम गुर्जरांनी आणि गायली बालगंधर्वांनी. नाटककार, पदकर्ता आणि गायक हे तिघेही पुरुष, आणि आपल्या पणजीला त्यात स्वतःचा संसार दिसला. गाण्यातला ‘मी’ हा रचणाऱ्याचा पत्ता नसतो हे आपल्या श्रोत्यांना इतके मुरलेले आहे की कुणी त्याची चर्चाही करत नाही.

पण या परंपरेत एक वाट बंद राहिली. पुरुष स्त्रीचा वेश घेऊन पुरुषावर प्रेम करू शकतो. भक्तीत, शृंगारात, रंगभूमीवर, सगळीकडे चालते. पुरुषाने पुरुष राहून ते म्हटले की तोच श्रोता दचकतो. आपल्याला वेश मान्य आहे, त्या वेशाखालचे वाक्य मान्य नाही. म्हणून विराणीचा आधार घेऊन ‘आपल्याकडे सगळे होतेच’ असे म्हणण्यात मला अर्धेच सत्य दिसते. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने संमतीने होणारे समलिंगी संबंध कलम ३७७मधून वगळले, त्याआधीच्या समलिंगी मराठी गीतकारासाठी स्त्रीचा वेश हा खेळ होता की आसरा, हे त्याच्या गाण्यावरून कधीच सांगता येणार नाही. मेरिटची भर नेमकी इथे आहे. त्याच्याकडे स्त्रीचा वेश आहेच. त्याच्या शेजारी त्याने, त्याच सहजतेने, पुरुषावर प्रेम करणाऱ्या पुरुषाचाही एक वेश ठेवला. एकोणसत्तरातला एक, ना पहिला, ना शेवटचा.

अस्मिता आणि ओळख

२००४मध्ये मेरिटने ‘आय’ नावाचा संच काढला. त्यातल्या चौदाही गाण्यांची नावे इंग्रजी ‘आय’ या अक्षराने सुरू होतात आणि वर्णानुक्रमाने लावलेली आहेत. ‘मी’ला त्याने शब्दकोशातल्या एका नोंदीची किंमत दिली. मग २०१५मध्ये, वयाच्या पन्नासाव्या वाढदिवसापासून, आत्मचरित्र नाकारणाऱ्या या माणसाने आत्मचरित्र लिहायला घेतले. २०१७मध्ये आलेल्या ‘५० साँग मेमॉयर’मध्ये आयुष्याच्या प्रत्येक वर्षासाठी एक गाणे आहे, पाच सीडी, प्रत्येकीवर दहा. या वेळी सगळी गाणी तो स्वतः गायला.

समलिंगी कलावंताच्या आत्मकथेत एक कळसाचा प्रसंग असतो, सत्य उघड करण्याचा, अशी आपली अपेक्षा असते. इथे ओळख आयुष्याच्या किरकोळ सामानात मिसळून येते. एका वर्षी त्याला जवळ न करणारे मांजर आहे, एका वर्षी आवडता सिंथेसायझर-गायक, एका वर्षी नीतिशास्त्राच्या परीक्षेत झालेले नापास, एका वर्षी लहानशा खोलीत चार पुरुषांचा एकमेकांत गुंतलेला संसार, एका वर्षी ज्या बारमध्ये बसून गाणी लिहिली त्याच्याशी एकनिष्ठ राहण्याची शपथ. समलिंगी असणे यांपैकी कोणत्याही एका गाण्याचा विषय होऊन बसत नाही, आणि कुठे गैरहजरही नसते.

इथे मराठी मला एक मदत करते. इंग्रजीत ‘आयडेंटिटी’ हा एकच शब्द ज्यासाठी वापरतात त्यासाठी आपल्याकडे दोन आहेत. अस्मिता दुखावते, जागी होते, तिचे मेळावे होतात. ओळख होत जाते. तिला दुसरा माणूस लागतो आणि वेळ लागतो. कायदा अंगावर येतो तेव्हा अस्मिता हवीच. ब्रॉन्स्की बीटचे ऋण नाकारून मला एक ओळही लिहिता येणार नाही. पण गाणे तीन मिनिटांचे असते, आणि ऐकणाऱ्याने ते स्वतःच्या तोंडाने गुणगुणावे अशी त्याची धडपड असते. तिथे ओळखच उपयोगी पडते.

म्हणून आता लिहिताना मी व्याकरणाच्या फटींत शिरण्यासाठी शब्द वाकवत नाही, आणि मुद्दाम उघडा पडावा म्हणूनही नाही. गाण्याला भविष्यकाळ हवा असेल तर भविष्यकाळ देतो. ‘भेटलो’ हवे असेल तर ‘भेटलो’ लिहितो. ‘आवडतोस’ जिथे आहे तिथे राहतो, आणि एखादी गायिका ते गाणे गाईल तेव्हाही तसाच राहील. तिच्या तोंडी तो स्त्री-पुरुषाच्या प्रेमाचा शब्द होईल, माझ्या तोंडी दुसरा. एक अक्षर न बदलता गाणे दोघांचे होईल. मात्रा तेवढ्याच आहेत, हे त्या जाणत्या माणसाचे म्हणणे शेवटी खरेच होते.